त्या गुरुवारी गाडी कोणी चालवली

रियाधमध्ये आमचं मराठी बायकांचं एक मंडळ होतं. मंडळ म्हणजे फार काही नाही. बँकांत आणि कॉम्प्युटर कंपन्यांत नोकरीला आलेल्यांच्या आम्ही बायका, महिन्यातून एकदा कुणाच्या तरी घरी जमायचो, हळदीकुंकू करायचो, पाककृतींची देवाणघेवाण करायचो. बाकी दिवस घरात. दोन हजार चार-पाचचा सुमार होता. परदेशी लोक राहतात त्या बंदिस्त वसाहतींवर दहशतवादी हल्ले होऊन गेले होते आणि शहराचा चेहराच बदलला होता. फाटकापुढे काँक्रीटचे मोठे ठोकळे आले होते, वाळूच्या पोत्यांमागे शिपाई मशीनगन घेऊन बसलेले असत. माझा नवरा ऑफिसला पोचला की एक मिस कॉल द्यायचा. तो येईपर्यंत मी चहासुद्धा घ्यायचे नाही.

अशा दिवसांत सहलीची कल्पना आमच्या अध्यक्षबाईंनी काढली, याचं सगळ्यांना नवल वाटलं. अध्यक्षबाई पन्नाशीच्या, सगळ्यात जुन्या, आवाज असा की भिंतीपलीकडच्यालाही शिस्त लागावी. त्यांच्या यजमानांच्या ऑफिसातल्या एका सौदी सहकाऱ्याच्या काकांनी आपल्या गावी, रियाधपासून दोनेक तासांवर, घरातच एक संग्रहालय उभं केलं होतं. महायुद्धाच्या काळातले वायरलेस सेट, गुप्त संदेश लिहिण्याची आणि फोडण्याची यंत्रं, असलं काय काय. माझी बारा वर्षांची मुलगी तेव्हा सांकेतिक लिपीच्या नादाने वेडी झाली होती. फ्रिजवर चिकटवलेल्या चिठ्ठ्यासुद्धा उलट्यासुलट्या अक्षरांत लिहायची. ती मागेच लागली. “मम्मी, प्लीज, वी हॅव टु गो.”

अडचण एकच होती. गुरुवारी शाळेला सुट्टी, पण आमच्या नवऱ्यांना अर्धा दिवस ऑफिस. बायकामुलांनी एकट्यांनी गावाबाहेर जायचं तर सोबत घरचा पुरुष हवा. मग सगळ्यांच्या नजरा आमच्या घराकडे वळल्या, कारण माझे सासरे तेव्हा व्हिजिट व्हिसावर आले होते.

“बाबा येतील ना?” अध्यक्षबाईंनी फोनवर विचारलं.

बाबांना विचारलं तर ते म्हणाले, “म्हणजे एवढ्या सगळ्या बायकांचा मी पालक?” आणि पहिल्यांदाच त्या घरात हसले.

बाबा कोपरगावकडच्या साखर कारखान्यात प्रयोगशाळेचे प्रमुख होते. उसाच्या रसाचं जे रीडिंग येईल तेच लिहायचं, एका दशांशाचा फरक करायचा नाही, यावरून त्यांनी संचालकांशीही वैर घेतलं होतं. घरीही तसंच. खोटं बोललेलं त्यांना खपायचं नाही, आणि खरं बोलताना समोरच्याला काय वाटेल याची पर्वा नसायची. गावी मी मारुती व्हॅन चालवायचे, मुलीला शाळेत सोडायचे, बाजारहाट करायचे. बाबा त्या गाडीत एकदा बसले, पुन्हा कधी नाही. एसटीने जायचे. “तू ब्रेक उशिरा लावतेस,” असं एकदा म्हणाले होते, तेवढंच. मला ते चांगलंच लागलं होतं. आता त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. परत गेल्यावर ऑपरेशन करायचं ठरलं होतं.

गाडी आमच्या मुलांना शाळेत नेणाऱ्या भाईंचीच सांगितली. भाई म्हसळ्याकडचे. ऐन तारुण्यात इकडे आले ते इथेच राहिले. दर दोन वर्षांनी सुट्टीवर जाऊन यायचे, मुलींची लग्नं तिकडे लावून यायचे. आमच्याशी मराठीत बोलायचे आणि मुलांशी हिंदीत, कारण मुलं हिंदीतच उत्तर द्यायची. त्यांची पंधरा सीटची पांढरी व्हॅन आरशासारखी स्वच्छ असायची.

सकाळी निघालो. शहराच्या बाहेर पहिल्या नाक्यावर शिपायाने आत डोकावून इकामे, म्हणजे राहण्याचे परवाने, मागितले. आम्ही सगळ्या काळ्या, पायघोळ अबायात, डोक्यावर काळे रुमाल, मुलं गप्प. बाबांचा पासपोर्ट त्याने बराच वेळ उलटसुलट केला, मग बोटाने आम्हा सगळ्यांकडे वर्तुळ काढत भाईंना काहीतरी विचारलं. भाई म्हणाले, “फॅमिली.” शिपायाने बाबांकडे पाहिलं, आमच्याकडे पाहिलं आणि जा म्हणून हात केला. गाडी सुटल्यावर सगळ्या हसल्या, पण ते हसू वरवरचं होतं. नाका ओलांडला की छातीतून काहीतरी खाली उतरायचं, आणि पुढचा नाका दिसेपर्यंतच ते खाली असायचं.

तुवैक डोंगराचा कडा उतरून गाडी सपाटीला लागली तेव्हा माझ्या लक्षात आलं की भाई एकसारखा डावा खांदा चोळताहेत.

“काय झालं भाई?”

“काही नाही ताई. रात्री एसीखाली झोपलो. आखडलंय.”

संग्रहालय म्हणजे मातीच्या जुन्या घराला लागून बांधलेल्या तीन लांबट खोल्या. मालक उंच, वाकलेले, पांढऱ्या दाढीचे, निवृत्त शिक्षक. इंग्रजी सावकाश पण शुद्ध बोलायचे. त्यांच्या पत्नीने आम्हाला आतल्या बैठकीत नेऊन वेलदोड्याची कॉफी आणि खजूर दिले. मग मालकांनी सगळ्यांना एकत्रच फिरवलं. बायकांकडे न पाहता, बाबांकडे तोंड करून बोलायचे. आम्ही मागून ऐकायचो.

पहिल्या खोलीत वायरलेसचे सेट होते. लोखंडी पेट्या, काळ्या बटणांच्या, वर धुळीचा कणही नाही. मालकांचे वडील तरुणपणी वाळवंटातल्या एका ठाण्यावर वायरलेस ऑपरेटर होते. युद्ध सुरू झालं तेव्हा या देशाचा त्यात थेट हात नव्हता, पण हवेला काही सीमा नसतात, असं मालक म्हणाले. कानाला हेडफोन लावला की कुठल्या कुठल्या देशांचे संदेश यायचे. पाच-पाच अक्षरांचे तुकडे, अर्थ नसलेले. वडील ते ऐकायचे, नुसतेच.

“त्यांना अर्थ लावावासा नाही वाटला?” बाबांनी विचारलं.

“वाटायचा. पण अर्थ लावणारे लोक दुसरीकडे बसलेले. शेकड्यांनी. माझ्या वडिलांकडे एक कंदील आणि एक उंट होता.”

दुसऱ्या खोलीत खरी गंमत होती. मालक तरुणपणी लंडनला शिकायला होते, तेव्हा तिथल्या जुन्या बाजारांतून त्यांनी संदेश गुप्त करायची साधनं जमवली होती. एकात एक बसणाऱ्या पितळी चकत्या, कडेला अक्षरं कोरलेल्या. टाइपरायटरसारखं एक यंत्र, त्याच्या पोटात फिरणारी चाकं. चकती किती घरं फिरवायची हे दोघांना आधीच ठाऊक असायला हवं, बाकी कुणाला नको. माझ्या मुलीने इंग्रजीत ‘बिर्यानी’ लिहून ते चकतीवर फिरवलं आणि जे अगम्य निघालं ते मोठ्याने वाचलं. मुलं खदखदून हसली. मालकांनाही हसू आलं.

मग त्यांनी बाबांना समजावून सांगितलं की हे संदेश फोडायचे कसे. गणित लागायचं, पण आधी माणूस ओळखावा लागायचा. एखादा ऑपरेटर रोज सकाळी हवामानानेच सुरुवात करतो. एखाद्याला शेवटी तेच अभिवादन करायची सवय असते. ते एका शब्दाएवढं भोक सापडलं की सगळी भिंत पाडता येते.

बाबा चकतीवर वाकून बघत होते. डोळ्यांना नीट दिसत नव्हतं म्हणून बोटांनी अक्षरं चाचपत होते. “म्हणजे यंत्र चुकत नाही, माणूस चुकतो,” ते म्हणाले.

“माणूस चुकत नाही,” मालक म्हणाले, “माणूस माणसासारखा वागतो.”

बाबांना ते फार आवडलं. रियाधला आल्यापासून त्यांना इतकं खुललेलं मी पाहिलं नव्हतं. पण माझं लक्ष खिडकीबाहेर होतं. भाई गाडीच्या सावलीत जमिनीवर बसले होते, पाठ चाकाला टेकवून. मी बाहेर जाऊन पाण्याची बाटली दिली. चेहऱ्यावर घाम होता. डिसेंबरचे दिवस, बाहेर गार वारा, आणि त्यांच्या शर्टाची कॉलर ओली.

“भाई, बरं नसेल तर इथेच थांबू. मालकांना सांगू.”

“अ‍ॅसिडिटी आहे ताई. उपाशी निघालो ना. नका काळजी करू.”

दुपारच्या जेवणाला मालकांनी सोडलंच नाही. आमच्यातल्या शाकाहारी बायकांसाठी नुसता भात आणि दही आणलं. भाई जेवले नाहीत. चहा घेतला, अर्धा ठेवला. दुपारच्या नमाजानंतर आम्ही निघालो. अध्यक्षबाई मालकांच्या पत्नीला मिठी मारून आल्या होत्या आणि गाडीत गाणी सुरू करायच्या बेतात होत्या.

हमरस्त्यावर काम चालू होतं, ट्रकांची रांग लागली होती. भाईंनी गाडी जुन्या रस्त्याला घातली. जुना रस्ता म्हणजे एकपदरी डांबर, दोन्हीकडे वाळू, मध्येच वाळूची जीभ रस्त्यावर आलेली. घर नाही, पंप नाही. गाणी दोन झाली असतील. मग गाडी हळू होत गेली, उजवीकडे सरकली आणि कडेच्या वाळूत थांबली. भाईंनी हँडब्रेक लावला. तो आवाज मला अजून आठवतो. तशा अवस्थेतही त्या माणसाने हँडब्रेक लावला होता. आणि ते स्टिअरिंगवर ओणवे झाले.

मी आणि बाबांनी मिळून त्यांना मागे रेलवलं. ओठ पांढरे पडले होते. “छातीवर कोणी बसलंय,” एवढंच म्हणाले.

मुलं रडायला लागली. सगळ्या एकदम बोलायला लागल्या. मोबाईल काढले, हात वर करकरून पाहिलं, एकालाही रेंज नव्हती. मला वाटलं होतं की अध्यक्षबाई आता आरडाओरडा करतील. पण त्या मागून सीटांवरून वाट काढत आल्या, पर्स उघडली आणि एक छोटी गोळी काढून भाईंच्या जिभेखाली ठेवली.

“आमच्या ह्यांना दोन वर्षांपूर्वी झालंय,” त्या मला म्हणाल्या. त्यांचा आवाज मी इतका हळू कधी ऐकला नव्हता. “सॉर्बिट्रेट आहे. पण हॉस्पिटल पाहिजे. लवकर पाहिजे.”

आम्ही चौघींनी भाईंना उचलून मधल्या लांब सीटवर आडवं केलं. परपुरुषाला हात लावायचा, हे त्या देशात चालतं का, असा विचार कुणाच्या मनात आला असेल तर तो कुणी बोलून दाखवला नाही. अध्यक्षबाईंनी त्यांचं डोकं मांडीवर घेतलं.

एखादी गाडी येईल म्हणून बाबा रस्त्याच्या मधोमध जाऊन उभे राहिले. दूर एक पिकअप दिसली, पण ती वाटेतच वाळवंटात वळली आणि तिची धूळ तेवढी राहिली. मग काहीच नाही. वारा होता. भाईंचा श्वास गाडीच्या दारापाशी उभं राहूनही ऐकू येत होता.

बाबा परत आले. दारात उभं राहून त्यांनी सगळ्यांकडे पाहिलं.

“गाडी कुणाला चालवता येते?”

आमच्यातल्या तिघीचौघींकडे भारतातलं लायसन्स होतं, हे आम्हाला एकमेकींचं ठाऊक होतं. पण त्या देशात बाईने गाडी चालवायची नसते. बाईला पकडतात, तिच्या नवऱ्याला बोलावतात, त्याच्याकडून लिहून घेतात. परदेशी माणूस असेल तर नोकरी जाते, इकामा जातो, विमानात बसवून देतात. निदान आम्ही तसं ऐकलं होतं, आणि ऐकलेलं खरं की खोटं हे तपासायची कुणाची छाती नव्हती.

“सगळ्यांना डिपोर्ट करतील हो,” मागून एकजण म्हणाली. तिच्या मांडीवर तान्हं मूल होतं.

बाबांनी माझ्याकडे बोट केलं. “हिला येते,” म्हणाले. “चांगली येते.”

भाईंनी डोळे उघडले. “ताई, नको. साहेब गोत्यात येतील तुमचे. मी उठतो जरा वेळाने, दमानं घेतो.” आणि उठायला गेले. अध्यक्षबाईंनी त्यांना खांद्याला धरून खाली दाबलं.

मी पुढे जाऊन बसले. पाय पोचेनात. सीटखालचा दांडा शोधला, सीट पुढे ओढली. अबायाचा घोळ गोळा करून मांडीखाली दाबला. बाबा शेजारी येऊन बसले.

स्टिअरिंग डावीकडे, गिअर उजव्या हाताला. आयुष्यभर डाव्या हाताने गिअर टाकलेला. दर वेळी माझा डावा हात गिअर शोधत दारावर आपटायचा. पहिला गिअर टाकताना गाडीने असा आवाज केला की मुलं किंचाळली. वाळूतून चाक निघेना, मग एकदम निघालं आणि गाडी उडी मारून डांबरावर आली.

“उजवीकडून,” बाबा म्हणाले.

“माहीत आहे.”

“बोललो नुसतं.”

मग ते काही बोलले नाहीत. मी तिसऱ्या गिअरच्या वर गेले नाही. समोर रस्ता उन्हात थरथरत होता. एका ठिकाणी उंट रस्त्यात उभे होते. हॉर्न वाजवला तरी हलेनात. मी गाडी वाळूत उतरवून त्यांना वळसा घातला. मागच्या बायकांनी श्वास रोखलेला मला कळत होता. मधूनमधून अध्यक्षबाईंचा आवाज यायचा, “भाई, डोळे उघडे ठेवा. तुमच्या मुली कुठे दिल्यात? सांगा बघू.” आणि भाई एकेका गावाचं नाव सांगायचे. श्रीवर्धन. मग बराच वेळ काही नाही. मग, दापोली.

माझ्या डोक्यात तेव्हा काय चाललं होतं, असं पुढे मला कुणीकुणी विचारलं. काही नाही. समोरची पांढरी रेघ होती आणि दारावर आपटणारा हात होता. घाबरायचं राहूनच गेलं होतं. घाबरले ते चढावावर आल्यावर, उतारापलीकडे हमरस्ता आणि त्याच्या तोंडाशी नाका दिसला तेव्हा. काँक्रीटचे ठोकळे, वाळूची पोती, दोन गाड्या, शिपाई. माझा पाय आपोआप ब्रेकवर गेला. गाडी रस्त्यातच थांबली.

ती चूक होती, हे थांबल्यावर कळलं. त्या दिवसांत नाक्याच्या अलीकडे बंद काचांची एक व्हॅन येऊन थांबते, याचा त्या शिपायांनी काय अर्थ लावावा? पोत्यांमागे धावपळ झाली. एकजण त्यांच्या गाडीमागे आडवा झाला. भोंग्यावरून कोणीतरी अरबीत ओरडू लागलं. मशीनगनची नळी हळूहळू आमच्याकडे वळली.

“मम्मी, ते म्हणतात इंजिन बंद करा. सगळ्यांनी हात दाखवा,” मुलगी मागून हिंदीत म्हणाली. तिला शाळेत अरबी होतं.

मी इंजिन बंद केलं. “सगळ्यांनी हात वर करा,” अध्यक्षबाई म्हणाल्या. छोट्या मुलांनीही केले.

बाबांनी दार उघडलं.

“बाबा, कुठे जाता? गोळी घालतील.”

“तू मागे जा,” ते म्हणाले. “मी चालायला लागलो की ते माझ्याकडे बघतील. तेवढ्यात मागे जाऊन बस.”

ते खाली उतरले. पांढरा सदरा, पांढरा पायजमा, वर राखाडी स्वेटर. दोन्ही हात डोक्याच्या वर. आणि चालू लागले, थेट त्या बंदुकांकडे, “हॉस्पिटल, हॉस्पिटल” असं ओरडत. त्यांचा आवाज चिरकत होता. भोंगा त्यांच्यावर ओरडत होता, त्यांना त्यातलं काही कळत नव्हतं, ते थांबत नव्हते. मी सीटांच्या मधून मागे सरकले. कुणीतरी मला ओढून आपल्याजवळ बसवलं. काचेतून मला त्यांची पाठ दिसत होती. उन्हात समोरचं त्यांना काही नीट दिसत नव्हतं हे मला माहीत होतं. पहिल्याच काँक्रीटच्या ठोकळ्याला त्यांचा गुडघा आपटला आणि ते त्याच्यावर आडवे झाले.

कोणी गोळी झाडली नाही. दोन शिपाई धावले, त्यांना उभं केलं, खिसे तपासले. बाबा गाडीकडे हात करून छातीवर मूठ आपटत होते. मग एक अधिकारी पुढे आला, चाळिशीचा असेल, मिशीवाला. त्याने गाडीचं सरकतं दार उघडलं, भाईंना पाहिलं, आणि त्यापुढचं सगळं भराभर झालं. वायरलेसवर बोलणं, अँब्युलन्स, ऑक्सिजनचा मास्क. भाईंना नेताना अध्यक्षबाईंनी ती गोळ्यांची डबी अँब्युलन्सवाल्याच्या हातात कोंबली आणि खुणेने सांगितलं, एक दिली आहे.

अँब्युलन्स गेल्यावर अधिकारी परत आला. आता त्याला घाई नव्हती.

त्याने बाबांना काहीतरी विचारलं. बाबांनी खांदे उडवले. मुलगी म्हणाली, “आजोबा, ते विचारतात, गाडी कोणी चालवली?”

आम्ही सगळ्या खाली बघत होतो. मी माझ्या हातांकडे बघत होते. डाव्या हाताची बोटं सुजायला लागली होती, ती मी अबायाच्या बाहीत ओढून घेतली.

“मी,” बाबा म्हणाले. “मी चालवली.”

आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांना खोटं बोलताना ऐकत होते.

मुलीने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली नाही, काहीच केलं नाही. तिने ओठ चावला. मग अरबीत सावकाश काहीतरी बोलली. नंतर तिने मला सांगितलं, की ‘आजोबांनी चालवली’ असं ती म्हणालीच नव्हती. ‘आजोबा म्हणतात की त्यांनी चालवली,’ असं म्हणाली होती.

अधिकारी गाडीला वळसा घालून ड्रायव्हरच्या दाराशी गेला. आत पाहिलं. मग बाबांना बोलावलं आणि हाताने खूण केली, बसा.

बाबा चढले. सीट मी माझ्या पायांच्या बेताने पुढे ओढलेली होती. बाबा सहा फुटांच्या आसपास उंच. त्यांचा एक पाय आत गेला, दुसरा जाईना. गुडघे स्टिअरिंगला अडकले. ते तसेच, अर्धे आत अर्धे बाहेर, समोर बघत बसून राहिले. ठोकळ्यावर आपटलेला गुडघा फुटला होता, पायजम्याला रक्ताचा डाग मोठा होत होता.

अधिकाऱ्याने बाबांच्या डोळ्यांकडे पाहिलं, जवळून. मग त्याने मागे वळून आम्हा बायकांकडे एकदा पाहिलं. एकेकीकडे नाही, सगळ्यांकडे मिळून. मला वाटलं, आता तो नवऱ्याचा नंबर मागणार. मी मनात नंबर म्हणायला लागले, आणि तो आठवेना.

तो वाकला. सीटखालचा दांडा धरून त्याने बाबांसकट सीट मागे ढकलली. बाबांचे पाय मोकळे झाले. मग तो माझ्या मुलीशी बोलला, बराच वेळ, एकेक शब्द वेगळा करून, जसं लहान मुलाला समजावतात.

“ते म्हणतात,” मुलगी सांगू लागली, “गाडी ड्रायव्हरनेच आणली. तो आजारी होता, तरी त्याने इथपर्यंत आणली. इथे आल्यावर तो पडला. ते असंच लिहिणार आहेत. आणि आपल्याला कोणी विचारलं तर आपणही असंच सांगायचं.”

“पण मी,” बाबांनी सुरुवात केली.

“खलास,” अधिकारी म्हणाला, आणि बाबांच्या खांद्यावर हात ठेवला.

आम्हाला त्यांनी नाक्यामागच्या खोलीत बसवलं, पाण्याच्या बाटल्या आणि बिस्किटं दिली. एकाने बाबांचा गुडघा धुऊन पट्टी बांधली. हमरस्त्याजवळ फोन लागत होते. संध्याकाळी माझा नवरा आणि त्याचा एक मित्र गाडी घेऊन आले. मित्राने व्हॅन चालवत परत नेली.

घरी आल्यावर नवऱ्याला सगळं खरं सांगितलं. तो ऐकत गेला आणि पांढराफटक पडत गेला. “तुला कळतंय का काय झालं असतं?” असं त्याने दोनदा विचारलं. दुसऱ्यांदा त्याचा आवाज चढला. मीही चढवणार होते, तेवढ्यात बाबा आतून लंगडत आले.

“तिला चालव म्हणून मी सांगितलं. ओरडायचं तर माझ्यावर ओरड,” म्हणाले आणि परत आत गेले.

नवऱ्याने फ्रिजमधून बर्फ काढला आणि माझा हात हातात घेऊन त्यावर धरला. पुढे महिनाभर फोन वाजला की तो दचकायचा. ऑफिसात कफीलने, म्हणजे ज्याच्या नावावर व्हिसा असतो त्या मालकाने, बोलावलं की मला मेसेज करायचा. पण काही झालं नाही. मंडळातली एकही बाई कुणापाशी बोलली नाही, अगदी तान्ह्या मुलाची आईसुद्धा. ती तर पुढच्या हळदीकुंकवाला माझ्याजवळ येऊन बसली आणि उठेपर्यंत हलली नाही.

भाई वाचले. आम्ही हॉस्पिटलात भेटायला गेलो तेव्हा ते उशीला टेकून बसले होते, दाढी वाढलेली, चेहरा उतरलेला. माझ्या नवऱ्याने फळं ठेवली. भाई इकडेतिकडे बघून मला हळूच म्हणाले, “ताई, क्लच पूर्ण दाबत चला. माझ्या गाडीचं गिअरबॉक्स रडत होतं, मला पडल्या पडल्या ऐकू येत होतं.” मग त्यांचे डोळे भरून आले आणि त्यांनी तोंड भिंतीकडे केलं.

बाबा व्हिसा संपल्यावर परत गेले. विमानतळावर निघताना मी पायाला हात लावला. त्यांना एकदा विचारायचं मनात होतं, त्या बंदुकांकडे चालत जाताना भीती वाटली का. विचारलं.

“मला त्या दिसतच नव्हत्या ग,” ते म्हणाले. “नुसता आवाज येत होता.” आणि थोड्या वेळाने, “पण आहेत हे माहीत होतं.”

भाई पुढच्या उन्हाळ्यात कायमचे गावी गेले. गेल्यावर काही दिवसांनी म्हसळ्याहून फोन आला. त्यांची बायको होती. मी तिला कधी पाहिलं नव्हतं. आधी तिने सगळ्यांची चौकशी केली, मुलीची, बाबांच्या डोळ्यांच्या ऑपरेशनची. मग आवाज खाली आणला.

“ताई, तुम्ही त्या दिवशी गाडी…”

मी रियाधच्या घरात, स्वयंपाकघरात उभी होते. फोनवर कोण ऐकतं, कोण नाही, कुणाला माहीत. “नाही हो,” मी म्हणाले. “भाईंनीच आणली. आजारी होते, तरी नाक्यापर्यंत आणली.”

पलीकडे मागे कुठेतरी कोंबड्या आणि लहान मूल असा आवाज येत होता.

“हां,” ती म्हणाली. “ते पण असंच सांगतात गावात सगळ्यांना.” तिचा आवाज भरून आला होता. “मग असंच असेल. पण ताई, कधी कोकणात आलात तर आमच्याकडे या. आमचा पोरगा गाडी घेऊन येईल न्यायला. नाहीतर तुम्हीच या घेऊन.”